कान्यावरचं टिंब

"त्यांच्या इंग्रजी शाळेत टिंब फक्त आयवर देतात हो. मराठीतलं कुठून लक्षात राहणार?"

सर हे क्लार्कभाऊंना म्हणाले. माझ्याबद्दल म्हणाले, पण मला नाही. मी तेव्हा लोखंडी कपाटामागे वाकून कोऱ्या कागदांचं रीम काढत होते. क्लार्कभाऊ हसले. सरांच्या प्रत्येक वाक्याला ते हसतात, वाक्य विनोदी नसलं तरी. मी रीम छातीशी धरून तिथेच उभी राहिले. बाहेर आले असते तर तिघांनाही अवघडल्यासारखं झालं असतं, आणि असं अवघडलेपण सावरायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडतं. म्हणून पंख्याच्या आवाजात दोघांचं बोलणं दुसऱ्या विषयाकडे वळेपर्यंत मी कपाटाच्या पाठीवरची गंजाची नक्षी बघत राहिले.

रत्नागिरीतल्या एका जुन्या वाचनालयात मी अर्धवेळ काम करते. पुस्तकांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायच्या, हे माझं खरं काम. पण दुपारी वाचनालय बंद असतं तेव्हा वरच्या हॉलमध्ये बायकांचा वाचनवर्ग भरतो. लहानपणी शाळेत गेल्याच नाहीत, किंवा धाकट्या भावंडांसाठी शाळा सोडली, अशा बायका. कुणी चार घरी स्वयंपाक करतं, कुणी मासळी विकतं. सर हायस्कुलात मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर हा वर्ग त्यांनी हौसेने सुरू केला. त्यांचे धडे मी मोठ्या अक्षरात टाईप करते आणि ऑफिसातल्या लेझर प्रिंटरवर छापून देते.

सरांचा या वर्गात एक नियम आहे. अंदाजाने वाचायचं नाही, जे छापलंय तेच वाचायचं. मोठी माणसं वाचायला शिकतात तेव्हा पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द मनानेच लावतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. ही सवय मोडायला ते मुद्दाम वेडीवाकडी वाक्यं मला टाईप करायला देतात. 'चहात साबण घाला.' 'नवऱ्याला उन्हात वाळत घाला.' बायका साबणाची साखर करून वाचतात आणि सर टेबलावर खडू आपटतात.

वर्गातल्या एका मावशींनी मात्र चहात साबणच घातला. एकेका अक्षराखाली बोट सरकवत, चेहऱ्यावरची रेघही न हलवता. दुसऱ्या वाक्यात नवऱ्यालाही तितक्याच शांतपणे वाळत घातलं. सर म्हणाले, याला म्हणतात वाचन. त्या दिवशी मावशी जिना उतरताना पायऱ्यांवरच्या 'चपला येथे काढाव्यात' या पाटीपाशी थांबल्या आणि तीही पाटी पूर्ण वाचूनच खाली उतरल्या.

मावशी हातखंब्याच्या अलीकडच्या एका वाडीतून एसटीने येतात. आंब्याच्या बागेत त्यांनी सगळा जन्म काढला. पेटी भरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं इतर बायका सांगतात. मला त्या 'बाय' म्हणतात. माझ्याशी त्या बोलतात याचं कारण बहुधा हे की मी फार बोलत नाही. एकदा पाणी पिताना त्यांनी सांगितलं, की लग्न होऊन आल्यावर गावात असाच वर्ग निघाला होता. कंदिलाच्या उजेडात फळ्यावरचा कुठलासा शब्द त्या चुकीचा वाचून गेल्या आणि सगळी आळी हसली. दुसऱ्या दिवशीपासून त्या गेल्या नाहीत. मग एकदम इतक्या वर्षांनी इथेच.

"आता कोण हसला ना बाय, तर मी उटून जायन," त्या म्हणाल्या. "परत येयाची नाय. या वयात फजिती सोसत नाय."

हे त्या धमकी म्हणून बोलत नव्हत्या. आपल्याला काय झेपेल आणि काय नाही ते साधेपणाने सांगत होत्या. मी मान हलवली. मला ते नीट कळत होतं. वर्गात कुणी हसेल म्हणून मी सबंध शाळाभर हात वर केलेला नाही.

तर वाचनालयाचा वर्धापन दिन मे महिन्यात असतो, आणि या वर्षी सरांनी ठरवलं की वर्गातल्या बायकांनी स्टेजवर येऊन वाचायचं. दुसऱ्याचं नाही, स्वतःचं. प्रत्येकीने आपल्या कामाविषयी बोलायचं, मी लिहून घ्यायचं, टाईप करून द्यायचं, आणि तिने ते लोकांसमोर वाचायचं. मावशींनी अर्थातच आंबा सांगितला. झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने, देठासकट कसा काढायचा, आपटायचा का नाही, पेटीत पेंढा कसा पसरायचा. मी जसंच्या तसं उतरवलं. चांगलं झालं होतं. सरांनीही एक शब्द बदलला नाही, आणि ते फार क्वचित होतं.

पहिल्या तालमीला मावशी उभ्या राहिल्या, बोट ठेवलं आणि वाचलं, "मी आब्याच्या बागेत पेट्या भरते."

"आंब्याच्या," सर म्हणाले.

मावशींनी पुन्हा बोट ठेवलं. "आब्याच्या."

"अहो आंबा, आंबा. जन्म गेला तुमचा आंब्यात."

बायका खुदकन हसल्या. मावशींचं बोट कागदावरच राहिलं, पण मान खाली गेली. सरांनी कागद ओढून घेतला, चष्मा कपाळावर चढवला, आणि मग चष्म्याशिवाय माझ्याकडे पाहिलं. कागदावर टिंब नव्हतं. मला ते काही म्हणाले नाहीत. म्हणाले ते मागाहून, क्लार्कभाऊंना, आणि ते मी कपाटामागून ऐकलं.

आता इथे मला माझी बाजू मांडायला हवी, कारण तेव्हा ती कुणी विचारली नाही. इंग्रजी शाळेत आमचा मराठीचा तास आठवड्यात मोजका असायचा आणि मराठीच्या बाई एकेका राहिलेल्या टिंबाला मार्क कापायच्या. त्याचा परिणाम असा झाला की माझी टिंबं राहत नाहीत, जास्तच पडतात. 'नांव', 'कांही', 'पांच' असं मी कितीतरी वर्षं लिहिलं, आजोबांच्या वेळच्या लोकांसारखं. माझ्यावर काय वाटेल तो आरोप करा, पण टिंब विसरल्याचा करू नका.

मी खाली येऊन फाइल उघडली. पडद्यावर आंबा होता. टिंबासकट, गोल, ठसठशीत. प्रिंट काढली. कागदावर आबा.

पुन्हा काढली. आबा.

नीट पाहिल्यावर दिसलं की एकूण छपाईच वाईट होती. अक्षरं काळी नव्हती, राखाडी होती. कडा मुंग्यांनी कुरतडल्यासारख्या. 'ध' आणि 'घ' ओळखायला कागद खिडकीपाशी न्यावा लागत होता. मी हे क्लार्कभाऊंना दाखवलं. ते म्हणाले, टोनर खाली बसला असणार. त्यांनी टोनर बाहेर काढला आणि तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर घेऊन डुलवला, बराच वेळ, अगदी मन लावून. मग छापलं. त्यांच्या शर्टावर काळा पट्टा उमटला आणि कागदावर आबा.

मग ते म्हणाले कागद दमट झालाय, कोकणातली हवा, मशीन तरी काय करणार. यात तथ्य होतं. आमच्याकडे मे महिन्यात कपाटातली बिस्किटंसुद्धा मऊ पडतात आणि दमट कागदावर शाई नीट धरत नाही. त्यांनी रीम उघडून गच्चीवर उन्हात पसरलं. गच्चीवर वाचनालयाच्या शिपाईबाईंनी आमसुलं करायला कोकमाची सालं वाळत घातली होती. संध्याकाळी कागद खाली आले ते कोपऱ्यांना गुलाबी होऊन, आणि पुढचा आठवडाभर ऑफिसातल्या प्रत्येक पत्राला सोलकढीचा वास येत होता. कागद कोरडे मात्र झाले. कोरड्या कागदावर आबा जरा स्पष्ट उमटला.

शेवटी बाजारातून दुरुस्तीवाला आला. उमदा, घाईत असलेला माणूस, कानात फोन. त्याने कॉम्प्युटरला हातही न लावता प्रिंटरचंच एक बटन दाबून धरलं आणि मशीनमधून त्याचं स्वतःचं चाचणीचं पान निघालं. पान सगळं इंग्रजी. एकेक अक्षर सुरीने कापल्यासारखं.

"बघा मॅडम, एक नंबर. मशीनला काही झालेलं नाही."

मी म्हटलं, मराठी काढून बघता का. तो म्हणाला, "मराठी तुमची. मशीन आमचं." आणि गेला.

ते पान माझ्या विरुद्धचा पुरावा होऊन भिंतीवर लागलं. क्लार्कभाऊंनी खरोखरच ते टाचणीने फळ्यावर लावलं. सर आले, त्यांनी पाहिलं, "मशीन ठीक आहे तर," एवढंच म्हणाले. आणि माझ्या टेबलावर त्यांनी शुद्धलेखनाचं एक पातळ पुस्तक ठेवलं. ठेवलं म्हणजे अगदी सहज ठेवल्यासारखं, मला वाईट वाटू नये अशा बेताने. त्याने मला जास्त वाईट वाटलं. मी त्यांना पडद्यावरचं टिंब दाखवू शकले असते. इकडे या, हे बघा, एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं तोवर ते जिना चढून वर गेले होते. माझी वाक्यं नेहमी माणूस जिन्यावर पोचल्यावर तयार होतात.

दुरुस्तीवाल्याच्या पानाचा एक उपयोग मात्र झाला. मशीनला स्वतःचं पान इतकं सुंदर छापता येतं, तर बिघाड मशीनच्या पोटात नाही. कॉम्प्युटर त्याला जे सांगतोय त्यात आहे. मी सेटिंगची एकेक खिडकी उघडत गेले. तिथे 'टोनर वाचवा' अशा अर्थाचा एक चौकोन होता आणि त्यात बरोबरची खूण होती. मी ती काढली. अक्षरं एकदम काळी झाली. मला इतका आनंद झाला की मी दुपारच्या डब्यातला भात तसाच ठेवून प्रिंट काढत बसले. दुसऱ्या दिवशी अक्षरं पुन्हा राखाडी. क्लार्कभाऊंनी खूण परत केली होती. टोनर काही आकाशातून पडत नाही, असं त्यांनी भिंतीकडे बघून सांगितलं. मी काढायची, ते करायचे. याविषयी आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. शेवटी मी माझ्या कॉम्प्युटरवरची खूण काढून टाकली, त्यांच्या कॉम्प्युटरवर त्यांनी ठेवली, आणि तह झाला.

काळ्या अक्षरातही आबा आबाच राहिला. सर म्हणाले, बायकांना वाचायला बरं पडेल, अक्षर मोठं कर. मोठं केलं. मोठा आबा आला. ठळक कर म्हणाले. ठळक केल्यावर अक्षरांची पोटं भरून गेली आणि 'ष' कोणता, 'प' कोणता तेच कळेना. फॉन्ट बदलला तर निम्म्या जागी चौकोन उमटले.

मग एका दुपारी मी पडद्यावरचं आणि कागदावरचं पान शेजारी ठेवून एखाद्या वेड्या बाईसारखी टिंबं तपासत बसले, आणि मला ते दिसलं. सगळी टिंबं जात नव्हती. 'पंख' शाबूत होता. 'हिंग', 'शेंग', 'कुंपण', सगळे नीट. जात होतं ते फक्त कान्यावरचं टिंब. 'सांगते'चं 'सागते', 'फांदी'ची 'फादी', 'पांढरा'चा 'पाढरा'. आणि मावशींच्या पानावर ओळीला एक आंबा होता. पानच्या पान आबांनी भरलेलं.

इथे हेही सांगायला हवं की आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांना सगळं गाव आबा म्हणतं. भरघोस पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा सदरा, पहिल्या रांगेतली ठरलेली खुर्ची. तेव्हा हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी टिंबात बुडालेली होते.

तात्पुरता उपाय म्हणून मी सगळीकडे 'आम्बा' असं टाईप केलं. म ला टिंब लागत नाही, प्रिंटर त्याला खाऊ शकत नाही. मला हे फार हुशारीचं वाटलं होतं. सरांनी ते पान दोन बोटांत धरून विचारलं, हा आम्बा कुठल्या झाडाचा? मी पान परत घेतलं. मग छापलेल्या पानावर काळ्या पेनाने एकेक टिंब हाताने दिलं आणि ते मावशींना सरावाला दिलं. मावशी त्यावरून घडाघडा वाचू लागल्या. पण वाचून झाल्यावर त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं.

"बाय, आदीच्या कागदावर टिंब होता का नव्हता? खरा सांग. माजं डोलं गेलं का काय?"

"नव्हतं, मावशी. डोळे ठीक आहेत तुमचे."

"मंग सरांना सांगितलास?"

मी म्हटलं, सांगते. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि पदराने घाम पुसला. सरांच्या लेखी पहिल्या तालमीत मावशी चुकल्या होत्या, किंवा मी. प्रिंटर चुकल्याचं कुणाच्या लेखी नव्हतं. त्याचं तर प्रमाणपत्र भिंतीवर होतं.

खरा उपाय कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सापडला. प्रिंटरच्या माहितीत कुठेतरी आडबाजूला लिहिलं होतं, की कॉम्प्युटर मशीनकडे अक्षरं पाठवतो तेव्हा काही लिप्यांच्या खुणा वाटेत गळतात. तसं होत असेल तर मजकूर अक्षरं म्हणून न पाठवता सबंध पान चित्र म्हणून पाठवा. एक चौकोन, एक खूण. बस. मी खूण केली आणि छापलं. पान सावकाश निघालं, नेहमीपेक्षा सावकाश, आणि त्याच्यावर आंबा होता. टिंब मोहरीच्या दाण्याएवढं, काळंभोर. मी सगळ्या बायकांची पानं काढली, प्रत्येक कान्यावर बोट फिरवून पाहिलं आणि सरांच्या फाइलमध्ये लावून ठेवली. क्लार्कभाऊंना मी सांगितलं, की तुमच्या कॉम्प्युटरवरही ही खूण करावी लागेल, नाहीतर टिंबं जातील. ते "हो हो" म्हणाले. हार किती आणायचे ते बघत होते. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा "हो हो" म्हणाले. माझा आवाज लोकांना ऐकू येतो पण पोचत नाही, असं काहीतरी आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. आबा पहिल्या रांगेत. बायका नव्या साड्या नेसून स्टेजच्या बाजूच्या बाकावर बसल्या होत्या. मावशींनी हिरवी साडी नेसली होती आणि अबोलीचा वळेसर माळला होता. त्यांच्या वाडीतून जीप भरून माणसं आली होती, त्यांची सूनही. मी मागच्या भिंतीपाशी, पंख्यांच्या बटनांजवळ उभी राहिले. तिथे उभं राहिलं की काम असल्यासारखं दिसतं.

पहिल्या दोघी वाचून गेल्या. मग सरांनी मावशींना बोलावलं आणि फाइलमधून कागद दिला. कागदाची मागची बाजू आमच्याकडे होती, पण मावशींनी तो खिडकीकडून येणाऱ्या उजेडात धरला तेव्हा अक्षरं आरपार दिसली. मी काढलेली अक्षरं काळी होती. ही राखाडी होती.

झालं होतं ते असं. सकाळी सरांना वाटलं, मावशी सगळ्यांत चांगलं वाचतात, तर अध्यक्षांना नमस्काराची एक ओळ त्यांच्याच पानावर वर घालावी. मी हॉलमध्ये खुर्च्या लावत होते. त्यांनी क्लार्कभाऊंना सांगितलं. क्लार्कभाऊंनी ओळ घातली आणि पान स्वतःच्या कॉम्प्युटरवरून छापलं. हे मला नंतर कळलं. पण तिथे उभी असताना एवढं मात्र कळलं, की ते पान माझं नाही.

मावशींनी बोट ठेवलं. माईकमध्ये त्यांचा आवाज स्वच्छ आला.

"आमचे अध्यक्ष आबा, नमस्कार." आबांनी खुर्चीतून हात जोडले. "मी आब्याच्या बागेत पेट्या भरते."

कुणीतरी खाकरलं.

"आबा देठासकट काढायचा." बोट सरकलं. "आबा आपटायचा नाही."

हसू आधी मागच्या पोरांत फुटलं. मग मधल्या रांगांत आलं. आबांनी स्वतः मिशीवर हात ठेवला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. अध्यक्षच हसतायत म्हटल्यावर कुणाला आवरायचं कारण उरलं नाही. मावशी वाचत राहिल्या. चहात साबण घातला होता तशाच, एकेका अक्षराखाली बोट ठेवून. "पेंढ्यात आबा हळूच आडवा ठेवायचा. डागी आबा बाजूला काढायचा." यावर हॉल कोसळलाच. त्यांची सूनही तोंडाला पदर लावून हसत होती.

सर स्टेजच्या कडेवरून म्हणाले, "आंबा, मावशी, आंबा." प्रेमाने म्हणाले. पण माईकजवळ होते, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं आणि आणखी हशा झाला.

मावशी थांबल्या. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. कागदावर जे होतं तेच त्या वाचत होत्या. सरांनी जे शिकवलं तेच करत होत्या. पाठ असलेला आंबा त्यांना डोळे मिटून म्हणता आला असता. तो तसा म्हणायचा नाही हा नियम होता, आणि सगळ्या वर्गात तो पाळणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्या सरांकडे वळून काहीतरी म्हणाल्या. माईकमध्ये ते आलं नाही, पण ओठांवरून मला कळलं. हितं टिंब नाय, सर.

सर हसत मानेनेच "वाचा, वाचा" करत होते. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मावशींनी कागदाची घडी घालायला सुरुवात केली. आधी मधोमध, मग पुन्हा मधोमध. घाई नव्हती. आंब्याचा पेंढा आवरावा तशी नीट घडी. त्यांनी स्टेजच्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि मला एकदम ते पाण्याच्या पिंपाजवळचं बोलणं आठवलं. या पायऱ्या उतरून त्या बाकावर बसणार नव्हत्या. थेट एसटी स्टँडवर जाणार होत्या, आणि पुढच्या सोमवारी वर्गात त्यांची जागा रिकामी असणार होती. मग मी शिपाईबाईंना विचारणार होते की मावशी का येत नाहीत, आणि मला कारण माहीत असणार होतं.

हॉलमध्ये अजून हसणं चालू होतं. माझ्या डोक्यात वाक्य जुळत होतं, नेहमीसारखं सावकाश, आणि मावशी पहिल्या पायरीवर आल्या. प्रिंटर, टोनर, चित्र म्हणून पाठवायचं पान, क्लार्कभाऊंचा चौकोन, भिंतीवरचं ते इंग्रजी पान, हे सगळं सांगायला तिथे वेळ नव्हता आणि कुणी ऐकलंही नसतं. मी पंख्यांची सगळी बटनं एकदम बंद केली. पंख्यांचा आवाज खाली बसत गेला. लोक हसायचे थांबून वर बघायला लागले आणि मग मागे, माझ्याकडे. मावशीही पायरीवर थांबून बघत होत्या. इतकी तोंडं एकाच वेळी माझ्याकडे वळल्याचं मला आयुष्यात आठवत नाही.

"मावशी चुकलेल्या नाहीत," मी म्हटलं. "कागदावर आबाच छापलाय."